‘येते’ म्हणून उठले

पिंपळीच्या शाळेत बाईंनी आम्हाला ‘कम’ आणि ‘गो’ चालायला लावून शिकवले. फळ्याकडे यायचे ते कम, दाराकडे निघायचे ते गो. त्या बाईंमुळे मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवीधर. त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

पण घरातून निघताना ‘जाते’ म्हटले की आई टोकायची, “जाते काय म्हनतीस? येते म्हन.” जाणे हे माणूस कायमचे जाते तेव्हाचे. आमच्याकडे कुणी निरोप घेताना तो शब्द काढत नाही.

बारामतीतल्या एका इंग्रजी शाळेत विज्ञान शिक्षिकेची जागा निघाली. मुलाखत घ्यायला तिघे होते. त्यातले एक संचालक ओळखीचे, भवानीनगरकडचे ऊस बागायतदार. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. आदल्याच आठवड्यात ते आमच्या ओट्यावर चहा पिऊन, “येतो आबा,” असे वडिलांना म्हणत उठले होते.

मला प्रकाशसंश्लेषण विचारले. मी इंग्रजीत नीट सांगितले, आकृती काढली. मुख्याध्यापिका मान डोलावत होत्या. उठताना मी हात जोडले आणि तोंडून निघून गेले, “सर, आय ॲम कमिंग.”

“कमिंग?” तात्या म्हणाले. “अवं बाई, तुमी तर निघालाय. का हितंच मुक्काम करताय?”

तिघेही हसले. बाकी दोघे शहरातले, त्यांचे मला काही वाटले नाही. मी काय म्हटले ते त्या खोलीत तात्यांना तरी नक्की कळले होते, आणि तेच सगळ्यात जास्त हसले.

जागा दुसरीला मिळाली. मी नको म्हणत असताना आबा भवानीनगरला जाऊन आले.

“तात्या म्हनलं, पोरगी हुशार हाय, पर इंग्रजी कच्चं हाय.”

मी त्यांना घडलेले सगळे सांगितले. आबांनी ऐकून घेतले.

“एवढ्यासाठी कोन जागा घालवतंय व्हय? कायतरी कमी पडलं आसंल तुझं.”

पूर्वी फवारणीच्या औषधाची बाटली आणली की पाहुण्यांसमोर तिच्यावरचे इंग्रजी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. आता बाटली खिशात घालून दुकानदाराला विचारायला जातात.