वहीला एकाचाच हात

१९९८ साली रबाळ्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात गेटवर कॉम्प्युटर आला. डिस्पॅच माझ्याकडे असल्याने प्रोग्राम लिहिणाऱ्या मंजुषाशी रोजचा संबंध आला. तिचे वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. ही घरातली पहिली पदवीधर. बोलणे मोजके, पण जमेल म्हणाली की जमायचेच.

गेटवर गोठिवलीचे रोहिदास अठरा वर्षे मालाची ये-जा वहीत लिहीत बसत होते. रिकामा ड्रम परत आला की तो कोणत्या पावतीवर बाहेर गेला होता, ते शोधावे लागे. प्रोग्राम ते शोधून देई, पण तोवर दीड मिनिट स्क्रीन गोठलेली. कोणतेच बटण दबत नसे. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत. रोहिदास दोनदा एंटर मारत आणि मग शांतपणे भिंतीवरचा स्विच बंद करत. त्यात अर्धवट भरलेल्या पावत्या जात. मंजुषाने स्विचवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीसकट स्विच बंद होत राहिला.

साहेबांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. नाही सुधारले तर कॉम्प्युटर उचलायचा आणि वही परत आणायची. मंजुषाचे हे स्वतःच्या जबाबदारीवरचे पहिले काम होते; हे गेले तर पुढचे मिळणार नव्हते.

गुरुवारी तिने शोधण्याचे काम वेगळ्या थ्रेडवर टाकले. तिने मला समजावले, की प्रोग्राममध्येच आणखी एक कामकरी ठेवला. तो मागे शोधत राहील आणि स्क्रीन मोकळी राहील. तशी ती राहिलीही. पण आता प्रोग्रामच मध्येच बंद पडू लागला, कधी पाच ड्रमनंतर, कधी पन्नास. कारण सापडेना.

शुक्रवारी नाइलाजाने वही काढली. मंजुषा स्टूल घेऊन रोहिदासांशेजारी बसून राहिली. ड्रम आला की ते हमाल कृष्णातला जुन्या पावत्या बघायला गोदामात पाठवत आणि स्वतः पुढच्या ट्रकची पावती लिहायला घेत. एकदा कृष्णात परत आला आणि घाईने स्वतःच वहीत नंबर लिहू लागला. रोहिदासांनी त्याच्या हातातले पेन काढून घेतले.

"तू नुसता सांग, मी लिवतो. वहीला एकाचाच हात लागाला पायजे. दोगं लिवाला बसलो तं ओळीवर ओळ चरंल."

मंजुषा स्टुलावरून उठली. "दादा, परत सांगा."

चूक तिथेच होती. मागचा कामकरी सापडलेली पावती परस्पर स्क्रीनवर लिहीत होता, त्याच वेळी स्क्रीन सांभाळणारा पुढचाही लिहीत होता. तिने नियम केला: मागच्याने फक्त निरोप ठेवायचा, स्क्रीनवर लिहायचे ते पुढच्यानेच.

शनिवारी गेटवर अकरा ट्रक उभे होते. रोहिदासांनी पहिला ड्रम शोधायला लावला आणि सवयीने हात स्विचकडे गेला. स्क्रीनवर तपासलेल्या पावत्यांचा आकडा वाढत होता, वर नवी कोरी पावती उघडीच होती. त्यांनी हात मागे घेतला आणि पुढच्या ड्रायव्हरला गाडीचा नंबर विचारला. तो लिहून होईतो जुनी पावती खाली येऊन थांबली होती.

"कृष्णातपरीस बरा हाय," ते म्हणाले. "बिडी मागत नाय."

अकराही ट्रक आत गेले. प्रोग्राम एकदाही बंद पडला नाही. पाच वाजता साहेब आले, टेबलावरची वही उघडली. शनिवारचे पान कोरे होते. वही बगलेत मारून ते परत गेले. मंजुषाने स्विचवरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली.