तिकडचं ग्रहण

मी बत्तीस वर्षं सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झालो तरी ग्रहण आलं की गल्लीतल्या बायका माझ्याच दारात. आपल्यात दिसतंय का, एवढाच त्यांचा प्रश्न, कारण जिथं दिसतं तिथंच ते पाळायचं असतं. मी नकाशा उघडून सविस्तर सांगायला लागतो, तोवर त्या हो-नाही ऐकून फाटकापर्यंत पोचलेल्या असतात.

गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी सूर्यग्रहण होतं, भारतात कुठंच न दिसणारं. बायकोनं विचारलं, मग लेकीकडं? मुलगी इंग्लंडमध्ये, तिला सहावा महिना. मी पडलो मास्तर, प्रश्न आला की उत्तर देऊन मोकळा. म्हणालो, तिकडं खंडग्रास दिसेल, आपल्या घड्याळात साधारण साडेतीन ते साडेपाच. बोलून गेल्यावर जीभ चावली.

ग्रहणाच्या दिवशी दुपारी साखरेच्या गाठी घेऊन बाजारातून आलो, तर विळी कपाटावर चढलेली, सुरी गायब, आणि ही पंख्याखाली चटईवर देवाचं नाव घेत बसलेली. जेवण नाही, पाण्याचा थेंब नाही. सोलापूरचं मार्चमधलं ऊन, त्यात हिला रक्तदाबाची गोळी. माझं डोकंच फिरलं. आपल्याकडं सूर्य लख्ख आहे, पोरगी हजारो मैलांवर, तू उपाशी राहिलीस म्हणून चंद्राची सावली रस्ता बदलणार आहे का, असं बरंच काही बोललो.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ती पाळणार न्हाई, मला ठावं हाय. म्हणून मी बसले," ती म्हणाली. "त्या बारीला तुमचं ऐकून दोडका चिरला हुता मी."

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, दिवाळीत सूर्यग्रहण होतं. तिला तेव्हा दिवस गेले होते. काही होत नाही हे दाखवून द्यायला मीच तिला आईसमोर दोडका चिरायला लावला होता. पंधरा दिवसांत ते मूल गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, मी ते तिला नीट समजावलं आणि विषय संपला असं धरून चाललो. तीस वर्षं ती मला एका शब्दानं बोलली नव्हती.

ग्रहणाचा आणि त्या मुलाचा काही संबंध नव्हता, हे मी आजही सांगेन. पण तेव्हा मी तिला कारण समजावलं, तिच्याजवळ बसलो नाही. त्या दुपारी मला माझी फार लाज वाटली.

मी चटईवर तिच्या शेजारी बसलो. घड्याळ बघून सांगत राहिलो, आता लागलं असेल, आता मध्य झाला, आता उतरणीला लागलं. ती मान हलवायची. साडेपाचला तांब्याभर पाणी आणून तिच्या हातात दिलं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. बाईसाहेबांनी भर ग्रहणात अंगणात उभं राहून, मी तिला लहानपणी दाखवायचो तशी, चाळणी उन्हात धरली होती आणि तिच्या भोकाभोकांतून भिंतीवर कुरतडलेले सूर्य पाडले होते. बाळ तेव्हा सारखं लाथा मारत होतं म्हणे. मला बायकोकडं बघायचा धीर होईना.

"लाथा मारतंय नव्हं, मग बास की," ती लेकीला म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, आपल्यात कधी दिसणार?

मी सांगितलं, दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये, दुपार कलल्यावर. भाकरीचा तुकडा मोडल्यासारखं थोडंसं, तेही ढग नसले तर.

"तवा बाळ दोन वर्साचं असंल. बोलवून घिऊ," ती म्हणाली. "चाळणी कशी धरायची, मला शिकवून ठेवा."

ग्रहणात कधी उंबऱ्याबाहेर न आलेली बाई. मी उठून चाळणी आणली. अंगणात अजून ऊन होतं. तिनं दोन्ही हातांनी ती धरली, आणि कुठं काही कुरतडलेलं नाही ना, म्हणून भिंतीवरचे सूर्य एकेक करून तपासले.