सात पायऱ्यांचं जोतं

भाईंदरजवळच्या राई गावाच्या बाजूला आमचं बैठं घर आहे. नवीन माणूस आला की फाटकातच थबकतो आणि विचारतो, बैठ्या घराला सात पायऱ्या कशाला? मी सांगायला लागले की हे लगेच पेपर उघडतात, कारण त्यांनी ते शंभरदा ऐकलंय. मी एकशेएकाव्यांदा सांगते. ज्याचा अभिमान वाटतो ते सांगायला मला कधीच लाज वाटली नाही.

नव्वदच्या आगेमागे आम्ही ती जागा घेतली. तोवर भाईंदरला एका खोलीत भाड्यानं राहत होतो. ह्यांची नोकरी अंधेरीला, सकाळी गेले की रात्री उगवायचे. त्यामुळे घर बांधायचं काम दोघांवर पडलं: माझ्यावर आणि सासऱ्यांवर. सासरे रत्नागिरीकडच्या गावाहून मुद्दाम आले होते. गावातलं घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, वर वाडीतल्या आणखी दोन घरांना त्यांचा हात लागला होता. येताना जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, भिंत सरळ चढते का ते बघायचा स्वतःचा ओळंबा घेऊन आले. मुलाचं घर मी बांधून देणार, हे गावात सगळ्यांना सांगून आले होते.

त्यांच्याकडून मी खूप शिकले, हे आधी सांगून टाकते. वीट घ्यायची तर दोन विटा एकमेकींवर आपटून बघायच्या, खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर ट्रक परत. वीट पाण्यात भिजवल्याशिवाय गवंड्याच्या हातात द्यायची नाही. नवीन भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, कुणी मेलं तरी चुकवायचं नाही. रेतीचं मात्र मी शेजारच्या म्हातारीकडून शिकले. चिमूटभर रेती जिभेवर ठेवायची, खारट लागली तर ती खाडीची. पहिलाच ट्रक आला तेव्हा मी सगळ्यांसमोर रेती चाखली आणि थुंकली. "ये नहीं चलेगा, वापस ले जाओ," म्हटलं. ट्रकवाला माझ्याकडे बघत राहिला. सासरे तोंड फिरवून हसले, पण ट्रक परत गेला.

ही म्हातारी म्हणजे आमच्या जागेची आधीची मालकीण. तिचं जुनं दगडी घर आमच्या कुंपणाला लागूनच होतं. रोज दुपारी ती पानाची चंची घेऊन आमच्या विटांच्या ढिगावर येऊन बसायची. काम बघायची, बोलायची कमी. भिंती खिडकीच्या पातळीपर्यंत चढल्या त्या दिवशी मात्र बोलली.

"पोरी, यो जोता बुटका हाय. उधानाचा पानी घरान येल."

जोतं म्हणजे ज्याच्यावर घर उभं राहतं तो चौथरा. आमचं दीड फुटाचं होतं. सासऱ्यांनीच ठरवलेलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते छपराचा विचार करत होते. गावाहून आल्यापासून त्यांचा सगळा जीव छपरात होता. मंगलोरी कौलं, उतार किती, वळचण किती पुढे काढायची, पागोळ्या भिंतीपासून किती लांब पडल्या पाहिजेत, हे ते कागदावर काढून ठेवत. मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. त्यांचं गाव डोंगराच्या उतारावर. तिथं पाणी वरून येतं आणि आपल्या पायांनी निघून जातं. माणूस तिथं पाण्यासाठी वर बघायला शिकतो. जोत्याला दीड फूट म्हणजे त्यांच्या हिशेबी चैन होती.

"आजी, इथं पाऊस काय वेगळा पडतो का?" त्यांनी विचारलं.

"पावसाचा न्हाय, भाऊ. खारीचा. खारी भरली का पानी खालशी येतं."

पाणी खालून, खाडीतून येतं हे ऐकून सासरे म्हणाले, "बरं बरं," आणि गवंड्याला पुढचा थर लावायला सांगितलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं काही झालं नाही. मी झोपले. पण सकाळी उठले ती चिडूनच. आयुष्यात एकदाच बांधायचं घर, आणि त्यात पाणी येणार की नाही हे बघायला कुणाला सवड नव्हती. ह्यांना विचारलं तर दाढी करता करता म्हणाले, "बाबा बघतायत ना." मी जागेवर गेले आणि तडक म्हातारीच्या घरी शिरले. पाणी कुठवर येतं दाखवा म्हटलं. तिनं घराच्या मागं नेलं. जोत्याच्या काळ्या दगडांवर एक भुरकट रेघ होती, खाली दगड खारटलेले, वर स्वच्छ. "माजे लग्नाचे सालचा," म्हणाली. तिचं जोतं त्या रेघेच्याही वीतभर वर होतं. तिच्या सासऱ्यानं बांधलेलं.

आता दोन घरांच्या मध्ये झाडं, कुंपण, माझी रेती. डोळ्यांनी काही ठरवता येईना. तेव्हा मला नळी आठवली. गवंडी समपातळी बघायला प्लास्टिकची पारदर्शक नळी वापरतात, आत पाणी भरून. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला थांबतं. आमचा गवंडी मराठवाड्याकडचा होता, भला माणूस. त्याला म्हटलं, त्या रेघेची उंची आमच्या भिंतीवर आणून द्या.

तो सासऱ्यांकडे बघायला लागला. कामावर शब्द त्यांचा चालायचा. मजूर सगळे थांबले. बांधकामावर सुनेनं सासऱ्याचं माप तपासायचं, हे कुणी बघितलेलं नव्हतं. 

सासरे म्हणाले, "लाव नळी. पण आपल्या बाजूचं टोक मी धरणार."

नळी एवढी लांब नव्हती. मध्ये दोन खुंट्या ठोकून, टप्प्याटप्प्यानं माप आणलं. शेवटचं टोक सासऱ्यांनी आमच्या भिंतीला लावलं. पाणी जरा वरखाली झालं आणि थांबलं. जोत्याच्या वर, विटांच्या चौथ्या थराच्या वर. गवंड्यानं टेप लावली. चौदा इंच.

"पुन्हा," सासरे म्हणाले. "ह्या वेळी इकडून तिकडे."

पुन्हा केलं. चौदाच आले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारली आणि तिच्याकडे बघत उभे राहिले. ती रेघ आमच्या बैठकीच्या खोलीत होती. गवंडी म्हणाला, "बाबा, खोलीत मातीची भरणी टाकून घेऊ, दारं जरा वर उचलू, होऊन जाईल." सासऱ्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी आणलेल्या डब्यातली भाकरी खाल्ली, हात धुतले. मग थापी आणि हातोडी घेतली आणि भिंतीचा सर्वात वरचा थर स्वतः काढायला लागले.

वरच्या थरांचं सिमेंट अजून कच्चं होतं, विटा सुटत होत्या. एकेक वीट काढून, तासून, ते माझ्याकडे देत. मी फुटकी वेगळी, शाबूत वेगळी लावत होते. सत्तरीकडे झुकलेला माणूस, वीस दिवसांचं स्वतःचं काम स्वतःच्या हातांनी उतरवत होता. मला वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, तो काही झाला नाही.

चौथ्या की पाचव्या थराला ते न वळता म्हणाले, "जोतं किती वाढवायचं?"

लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्यांनी मला काहीतरी विचारायची ती पहिली वेळ.

"दोन फूट," मी म्हटलं.

"सव्वादोन घे."

पायऱ्या सात झाल्या. त्यांच्या गुडघ्यांसाठी मी त्या बुटक्या ठेवायला सांगितल्या, आणि त्यांनी गवंड्याला ते दोनदा बजावलं, जणू कल्पना त्यांचीच. छप्पर मात्र संपूर्ण त्यांचं. आजवर एक थेंब आत आला नाही, हेही मी सगळ्यांना सांगते.

राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात, अमावास्येच्या उधाणाशी तीन दिवसांच्या पावसाची गाठ पडली. सकाळी दहाच्या सुमारास नाल्याचं पाणी उलटं यायला लागलं. अंगण गेलं, पहिली पायरी गेली, दुसरी गेली. सासरे वरच्या पायरीवर छत्री घेऊन बसले होते आणि पाण्याकडे बघत होते. समोरच्या दुकानाचा गुजराती शेठ गुडघाभर पाण्यातून आला. "भाभी, साखर रखने दोगे?" म्हणाला. साखर, पीठ, मग दोन शेजाऱ्यांच्या गाद्या, एकीचं शिवणाचं मशीन, सगळं आमच्या बैठकीच्या खोलीत रचलं. चौथी पायरी बुडाली. पाचवी कोरडी राहिली. दुपारी पाणी उतरायला लागलं. पेन्सिलच्या त्या रेघेच्या उंचीपर्यंत आलं नाही, पण आमचं पहिलं जोतं असतं तर साखर आमचीही गेली असती.

पुढच्या महिन्यात पलीकडच्या प्लॉटवर एका जोडप्यानं पाया खणायला घेतला. मूळ गाव आमच्याकडचंच. बाबांनी रत्नागिरीत घरं बांधलीत हे त्यांनी ऐकलं होतं. नवरा सकाळीच आला, सासऱ्यांच्या पाया पडला आणि ओट्यावर बसला. मी आत चहा टाकत होते.

"बाबा, आम्हाला अनुभव नाही. जोतं किती ठेवू, तुम्ही सांगाल तसं करतो."

 मी गाळणी हातात घेऊन थांबले.

"मला नको विचारू," सासरे म्हणाले. "मी डोंगरातला माणूस. सुनेला विचार. आणि येताना नळी घेऊन ये, ती नळीशिवाय बोलत नाही."