डबीरसाहेबांचा शांत स्वभाव

डबीरसाहेबांच्या पत्रकाचं काम एका ओळीवर अडलं होतं. ओळ होती, ‘स्वभावाने अत्यंत शांत’.

“लिहून टाक,” आमचे छापखान्याचे मालक घाटे म्हणाले. “सगळं सेक्रेटरिएट सांगतं. आख्ख्या नोकरीत माणसानं आवाज चढवला नाही.”

“मी पाहिलेलं नाही अजून.”

“मग काय, स्वभावाचा फोटो काढायला जाणार आहेस?”

“अर्धा दिवस त्यांच्याबरोबर फिरणार आहे.”

“फीर. पण पुढच्या शनिवारपर्यंत मला मजकूर पाहिजे.”

मी पत्रकं लिहितो. निवडणुकीचं पत्रक म्हणजे एक कागद, जो माणूस दारात उभ्याउभ्या वाचतो आणि मग त्यात चिवडा बांधतो. तेवढ्या वेळात तीन गोष्टी पोचवायच्या असतात. उमेदवार कोण, तो काय करणार, आणि माणूस कसा आहे. पहिली गोष्ट कोणीही लिहील. दुसरी बहुतेक वेळा खोटी असते. पोट भरतं ते तिसरीवर. हे मी नागपूरला गिरणी युनियनच्या निवडणुकांत शिकलो. तिथे पत्रक चुकलं तर लोक संध्याकाळी घरी येऊन सांगत.

मग राज्यं नव्यानं जुळवली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि राजधानी इकडे भोपाळला आली. कचेऱ्यांबरोबर मराठी कारकून आले, त्यांच्यामागे घाट्यांचा छापखाना आला आणि छापखान्याबरोबर मी. इथले छापखाने चांगले होते, पण हिंदी. त्यांच्याकडे ‘ळ’चे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, नव्हते. आणि ‘ळ’शिवाय ‘शाळा’ छापणार कशी? त्यामुळे शाळेच्या निवडणुकीतल्या दोन्ही उमेदवारांना आमच्याकडेच यावं लागलं.

शाळा म्हणजे सरकारी क्वार्टर्सच्या मागे पत्र्याची एक बराक. मराठी, चौथीपर्यंत. ती चालवायला पालकांची एक संस्था. संस्थेचा कार्यवाह निवडायचा होता. कार्यवाह हा शब्द भारी आहे, काम साधं. शिक्षक नेमायचे, सरकारशी पत्रव्यवहार करायचा आणि पत्रा गळला की शिव्या खायच्या. एका बाजूला नीळकंठराव डबीर, सेक्रेटरिएटमध्ये सुपरिंटेंडेंट. दुसऱ्या बाजूला वामन राऊत, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. राऊतांबद्दल लोक एवढंच सांगत, की त्यांचं बोलणं ऐकायला त्यांच्या घरी जावं लागत नाही, रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरतं.

डबीरांबद्दल मात्र एक गोष्ट जो तो सांगे. त्यांच्या धाकट्या मुलाला पाटणकरबाईंनी नापास करून तिसरीत ठेवलं होतं. सुपरिंटेंडेंटच्या मुलाला! “आणि साहेब काय म्हणाले? काही नाही. हसले फक्त.” मला ही गोष्ट आवडली. दहा विशेषणांपेक्षा एक प्रसंग बरा. फक्त तो आधी तपासून घ्यावा, इतकंच माझं म्हणणं होतं.

रविवारी आम्ही क्वार्टर्सच्या फेरीला निघालो. डबीर दारात चप्पल काढत, प्रत्येकाच्या मुलाला नावानं हाक मारत. खरंच गोड बोलत. महाजनी नावाचे एक कारकून आहेत, डबीरांच्याच सेक्शनमधले. त्यांच्याकडे आम्ही बराच वेळ बसलो. आम्ही म्हणजे डबीर आणि मी. महाजनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीशेजारी, हात पुढे बांधून उभे. डबीर त्यांना बस म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत म्हणा.

“आमच्या साहेबांसारखा स्वभाव नाही,” महाजनी मला म्हणाले. त्यांची बायको आतल्या दारातून नवऱ्याकडे बघत होती.

शेवटी जुन्या शहरात पाटणकरबाईंकडे. एक खोली, आत म्हाताऱ्या आईची खाट. बाईंची नेमणूक वर्षावर्षाची. दर वर्षी नवी ऑर्डर निघाली तर पगार, नाही तर नाही. कायम करणं कार्यवाहाच्या हातात होतं आणि आधीच्या कार्यवाहानं ते पुढे ढकलत नेलं होतं. दोघींचं पोट त्या ऑर्डरीवर होतं. बाईंनी चहा केला.

“आमचे चिरंजीव काय म्हणतात?” डबीरांनी विचारलं.

“गणितात सुधारलाय. आता पक्का होईल.”

“छान. तुम्ही केलंत ते योग्यच केलंत हं बाई. मनात काही ठेवू नका.” त्यांनी बशीत चहा ओतला. “तुमचं ट्रेनिंग नागपूरचं, नाही का?”

“हो.”

“आता राज्य बदललं. ते सर्टिफिकेट इथे चालतं का, विचारून घ्यावं लागेल. लेखी. घाई काही नाही.”

“साहेब, तुमच्या कचेरीतले निम्मे लोक नागपूरच्याच परीक्षांवर नोकऱ्या करताहेत.”

“अगदी खरं. म्हणूनच पद्धतीनं जाऊ. सरकारचं उत्तर येईपर्यंत नवी ऑर्डर काढता यायची नाही, एवढंच.” ते हसले. “चहा सुरेख झालाय.”

आतून म्हातारीनं विचारलं, “काय गं, कायम करतो म्हणाले का साहेब?”

“चहा घेताहेत ते, आई,” बाई म्हणाल्या.

रस्त्यावर आल्यावर मी सरळ बोललो. “साहेब, मुलाला नापास केल्याचा राग आहे तुम्हाला अजून.”

“मला?” त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. “मला राग येत नाही हो. कोणालाही विचारा.”

माणूस खोटं बोलत नव्हता. हेच मला जास्त लागलं. युनियनमध्ये आम्ही मॅनेजरला खलनायक करून लिहीत असू. मिशा, चाबूक, सगळं. हा खलनायक बशीनं चहा पितो आणि चप्पल काढून घरात येतो, त्याला पत्रकात बसवू कुठे?

तरी गिऱ्हाइकाला एक संधी देणं हा धंद्याचा नियम आहे. मी मजकूर लिहिला. त्यात नापास मुलाचा प्रसंग घातला आणि खाली एक ओळ जोडली. ‘निवडून आल्यास पाटणकरबाईंना कायम करीन.’ प्रूफ घेऊन त्यांच्या कचेरीत गेलो. प्रूफ म्हणजे छापण्याआधीचा नमुना, गिऱ्हाइकानं दुरुस्त करायचा. डबीरांनी वाचलं. लाल पेन्सिल काढली आणि पट्टी लावून ती ओळ खोडली. वरचा प्रसंग ठेवला.

“हे पद्धतीत बसत नाही,” ते म्हणाले. “बाकी उत्तम लिहिता तुम्ही.”

“साहेब, मग वरचं पण बसत नाही. ज्या गोष्टीचं तुम्ही उट्टं काढणार, तीच तुमच्या चांगुलपणाची म्हणून मी लिहू? मी हे पत्रक लिहीत नाही.”

“हरकत नाही,” डबीर अगदी हळू म्हणाले. “घाट्यांशी मी बोलतो.” आणि चपराशाला सांगून माझ्यासाठी पाणी मागवलं.

छापखान्यात परत आलो तोवर घाट्यांना निरोप पोचला होता. “अरे, सेक्रेटरिएटच्या फॉर्मांचं काम त्याच्या टेबलावरून येतं! तुला स्वभाव बघायला पाठवला होता की बिघडवायला?”

“बघितला. तेवढंच केलं.”

“मग त्याचं पत्रक आता मी लिहितो. शांत, संयमी, सालस. झालं!”

तेवढ्यात राऊत आत आले. म्हणजे आधी आवाज आला. “माझा शब्द कोणी कापला?”

त्यांनी आपलं पत्रक स्वतःच लिहिलं होतं आणि घाट्यांनी त्यातला ‘हरामखोर’ काढला होता.

“छापता येत नाही तो,” घाटे म्हणाले.

“काऊन? ‘ळ’ हाय तुमच्याजवळ, ‘ह’ नाही?”

या गर्जनेनं आमचे कंपोझिटर रहमतभाई दचकले आणि त्यांच्या हातची केस खाली गेली. केस म्हणजे खिळ्यांचा खणाखणांचा ट्रे, प्रत्येक अक्षराला वेगळा खण. ती पडणं हा आमच्याकडचा भूकंप. सगळी बाराखडी फरशीवर. राऊत धोतर सावरून खाली बसले आणि खिळे गोळा करायला लागले. तोंडानं शिव्या चालू होत्याच, आता स्वतःला.

“साहब, आप ‘म’ के खाने में ‘भ’ डाल रहे हो,” रहमतभाई म्हणाले. “उठो खां, और बिगाड़ोगे.” भोपाळात कोणालाही ‘खां’च म्हणतात.

राऊत उठले नाहीत. ‘भ’ वेचून काढत बसले. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो.

“राऊतसाहेब, पाटणकरबाईंचं काय करणार?”

“लय कडक बाई. माझ्या पोरीले बाकावर उभी केली. मी गेलो भांडायले. तिनं मलेच वर्गाबाहेर उभं केलं.”

“मग?”

“मग काय? राहिलो उभा. तास चालू होता ना.”

“त्यांना कायम करणार का?”

“करीन ना. वर्षाच्या ऑर्डरीवरच्या बाईशी भांडाले मजा नाही. ती मनातून भेत असते.”

‘हरामखोर’च्या जागी मी हे घातलं. जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. घाट्यांनी दोन्ही पत्रकं छापली आणि दोघांना सारखंच बिल लावलं. या बाबतीत ते पक्के निःपक्षपाती आहेत.

पण पत्रकानं काम होणार नव्हतं. आमच्या मराठी मंडळींची एक खोड आहे, ते कचेरी सोबत घेऊन फिरतात. संस्थेच्या सभेतही सुपरिंटेंडेंट खुर्च्यांवर, हेडक्लार्क बाकांवर, बाकीचे कारकून सतरंजीवर बसत. कोणी सांगितलेलं नसे. मतदान हात वर करून. आता डबीर खुर्चीवर बसलेले असताना त्यांच्याच सेक्शनचा माणूस सतरंजीवरून राऊतांसाठी हात वर करणार? राऊत उत्तम आहेत असं मला खाजगीत सांगणारे दहाजण होते. सगळे डबीरांना मत देणार होते.

संस्थेची घटना आमच्याच छापखान्यात छापली होती. तीत होतं, ‘प्रत्येक पालक कुटुंबास एक मत’. मी राऊतांना म्हणालो, “सभेला बायका आणा.”

“माझी बायको माझं ऐकत नाही. दुसऱ्याच्या काय ऐकतील?”

“ऐकायला नका बोलावू. हात वर करायला बोलवा.”

सभेच्या दिवशी बायका आल्या. डबीरांनी बाईंच्या ऑर्डरीचं काय चालवलंय, हे नळावर आधीच पोचलेलं होतं. पोरांच्या अक्षराला वळण कोणी लावलं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांना बसायची जागा ठरलेली नव्हती, म्हणून त्या मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाटणकरबाई बाहेर व्हरांड्यात. नोकरांना सभेत येता येत नसे.

अध्यक्षांनी डबीरांचं नाव घेतलं. आधी खुर्च्यांवरचे हात वर गेले, मग बाकांवरचे, मग सतरंजीवरचे. पद्धतशीर.

“अहो,” मागून आवाज आला. महाजनींची बायको. “हात खाली घ्या. आपल्या घरचं मत मी देणार आहे.”

कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी चष्मा लावून घटना पाहिली. “कुटुंबाला एक मत आहे खरं. हात कुणाचा, ते लिहिलेलं नाही. घरात ठरवा बुवा.”

महाजनींनी डबीरांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि हात असा झटकन खाली घेतला की जणू विस्तव लागला. “साहेब, नाइलाज आहे,” ते म्हणाले. आवाजात इतका आनंद मी त्यांच्या कधी ऐकला नव्हता. मग सतरंजीवर ठिकठिकाणी नाइलाज होऊ लागला. “घरचं मत आहे, साहेब.” “हिच्यापुढे काय बोलणार?” साहेबांविरुद्ध कोणीच गेलं नाही. गेल्या त्या बायका.

राऊत निवडून आले. पहिला हार डबीरांनी घातला. अगदी हसतमुखानं.

पहिल्याच बैठकीत पाटणकरबाई कायम झाल्या. हे झालं. दुसरंही सांगायला हवं, नाही तर हेही पत्रकच होईल. राऊत शाळेच्या गळक्या पत्र्यावरून शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याशी असे भांडले की शाळेचं अनुदान अडकलं. मग आठवडाभर रोज त्या अधिकाऱ्याच्या दाराबाहेर स्टुलावर बसून, शेवटी माफी मागून त्यांनी ते सोडवून आणलं. आणि डबीर? ते कोणावरही रागावले नाहीत. आमच्या छापखान्याकडचं फॉर्मांचं काम ‘विचाराधीन’ झालं, ते अजून आहे. महाजनींची बदली जुन्या कागदपत्रांच्या सेक्शनला झाली, जिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. ऑर्डर फार सभ्य भाषेत होती म्हणतात.

तेव्हापासून उमेदवार चिडतो की नाही, हे मी विचारत नाही. त्याच्या स्वभावाचा भुर्दंड कोणाला पडतो ते बघतो. राऊतांचा राऊतांना पडला. डबीरांचा महाजनींना.

घाट्यांना हे पटत नाही. “असं तपासत बसलास,” ते म्हणतात, “तर छापायला उरेल कोण?”