हवामास्तरांची गोळी

माझा दादा टायरवाला. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. गिऱ्हाइकं त्याला हवामास्तर म्हणतात. पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधताना तो श्वाससुद्धा हळू घेतो. स्वतःच्या तब्येतीचं म्हणाल तर मात्र सगळा आनंदीआनंद.

डॉक्टरीणबाईंनी त्याला रक्तदाबाची रोजची गोळी दिली. वहिनीनं हौसेनं घरी दाब मोजायचं यंत्र आणलं आणि तिथेच घोळ झाला. दादा सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, आकडा बघायचा. आकडा चढलेला असेल तेवढ्याच दिवशी गोळी घ्यायचा, बरोबर आला की गोळी परत डबीत.

“अगं, हवा बरोबर असलेल्या चाकाला कोण हात लावतं?” तो म्हणायचा. “चढली तर सोडायची. उगाच सोडत बसलं तर चाक बसेल की!”

वहिनी माझ्याकडे बघायची, मी वहिनीकडे. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण काय ते सापडेना. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, आकडा छान. याला खरंच काही झालंय का, असं मलाच वाटायला लागलं.

परवा मी डबा घेऊन दुकानात गेले, तर तो चाकाचे नट आवळत होता. हातातला पाना पडला. उचलायला वाकला, तर बोटं पान्यावरून नुसतीच फिरली.

“दादा, काय रे?”

त्याचा ओठ एका बाजूला ओघळला होता. तोंडातून जे निघालं त्याला शब्द म्हणता येईना. तोही बावचळून माझ्याकडे बघत राहिला. त्याला बसवू, पाणी देऊ की वहिनीला फोन करू, मला काही सुचेना.

“पाणी नको, आधी दवाखाना!” शेजारचा रंगवाला ओरडला आणि त्यानंच गाडी काढली.

“पक्षाघाताचा छोटा झटका आहे, वेळेत आणलंत,” मी गोळीचं सगळं सांगितल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले. “पुढचा मोठा येऊ शकतो. आकडा बरोबर येत होता तो गोळीमुळेच. आम्हाला विचारल्याशिवाय ती सोडायची नाही.”

संध्याकाळी दादाचं बोलणं परत आलं. त्यानं खाटेशेजारच्या यंत्राकडे मान वळवली.

“बरोबर आलाय बघ आकडा,” तो अगदी स्वच्छ म्हणाला. “मग आता गोळी बंद ना?”

माझं डोकंच फिरलं. “नाही! कितीही चांगला येऊ दे. रोज घ्यायची, मरेपर्यंत!”

तो शब्द तोंडातून गेला आणि मीच जीभ चावली. दादा पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. त्यानं उजव्या हातानं माझं मनगट धरलं. पकड अजून सैलच होती.