धुळाच्या पानाचे उद्घाटन

"चित्राखाली नाव नसलं तरी चालतंय, पर चित्र दिसलं पायजे," असं धुळा एकदा म्हणाला होता. आम्ही हसलो होतो. नाव नसलेली वस्तू सांगलीत आम्ही पाहिलेली नाही. इथे बाकड्यावर देणगीदाराचे नाव असते, पाणपोईवर असते, स्मशानातल्या पत्र्याच्या शेडवरही असते. तिथली अक्षरे तर इतकी मोठी की, जळणाऱ्यालाही आपण कुणाच्या कृपेने जळतो आहोत ते कळावे.

धुळा वडूजच्या पलीकडच्या एका वाडीतला. घरात मेंढरे. दिवाळी झाली की बाप कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचा आणि बागायतदारांच्या रानात मेंढरे बसवायचा. लेंड्यांचे खत त्यांना, ज्वारीचे पायलीभर दाणे याला. पोरगा लहानपणी वर्षातले सहा महिने त्या कळपामागे चाललेला. म्हणून त्याच्या चित्रांत आकाश नसे. शाई आणि कोळशाने काढलेल्या मेंढरांच्या पाठी, कागदभर पाठीच पाठी, आणि मध्येच कुठेतरी एक मान मागे वळलेली.

आमच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य चिंतामण सर यांनी त्यावर 'रचना नाही' असा शेरा मारला होता. सर स्वतः वीस वर्षे पुढाऱ्यांची तैलचित्रे काढत आले होते. मिशा त्यांना चांगल्या जमत. मी तिथे कलेचा इतिहास शिकवत असे, म्हणजे पुस्तकातून वाचून दाखवत असे.

नव्याण्णव सालच्या जानेवारीत बंगलोरच्या एका कार्टूनपट बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात आली. दहा मुले घेणार होते. कागद पाठवू नका, पंधरा चित्रे इंटरनेटवर ठेवा आणि पत्ता कळवा. एकतीस मार्चला सगळ्यांची पाने उघडून पाहू. कॉलेजात ती जाहिरात पुष्कळांनी वाचली. समजली एकट्या धुळाला, आणि त्याच्याकडे साधी सायकलही नव्हती.

स्टँडसमोर सुमंतचा संगणक क्लास होता. धुळाने त्याला पाटी रंगवून दिली आणि बदल्यात रोज दुपारी तासभर एक संगणक मागून घेतला. दोन महिन्यांत तो पान बनवायला शिकला. इंटरनेटवर फुकट मिळणारी जागा सुमंतच्या नावावर होती, अवघी पाच एमबी. तेवढ्यात पंधरा चित्रे बसवायची आणि रेघही तुटू द्यायची नाही, म्हणून एकेका चित्रावर तो त्या दिवसाचा सगळा तास घालवी. शेवटी पान झाले. पांढरे. पंधरा चित्रे, एकाखाली एक. पान खाली सरकवत गेले की कळप पुढे चालायचा. मी ते पाहिले आहे. या गावात पाहण्यासारखे मी फार थोडे पाहिले, त्यातले ते एक.

त्याने बंगलोरला पत्ता कळवला आणि मेंढरांच्या कातरणीसाठी आठवडाभर बापाच्या कळपाकडे गेला. जाताना सुमंतला म्हणाला, "एकतीस तारखेपतूर हात लावू नका दादा."

"मी कशाला लावतोय रं?" सुमंत म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी चिंतामण सर क्लासवर गेले. पान पाहून ते दुखावलेच. "हे काय? ना गणपती, ना मनोगत, ना शुभेच्छुक. लोक म्हणतील, कॉलेजला काही रीत आहे की नाही!"

आम्हाला एकच रीत ठाऊक. लग्नाची पत्रिका असो, स्मरणिका असो की वर्षश्राद्धाचे पत्रक. वर गणपती, खाली आशीर्वाद देणारे, त्याखाली शुभेच्छा देणारे, आणि जागा उरलीच तर मूळ विषय. पान त्याच रीतीने नव्याने लावले गेले. संस्थेचे अध्यक्ष आष्ट्याचे बाळासो, एक एप्रिलला त्यांचा वाढदिवस. त्याच दिवशी पानाचे उद्घाटन करायचे ठरले. या सगळ्याला मी मान डोलावली.

त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये मॉनिटरला झेंडूचा हार घातला होता. कीबोर्डवर हळदकुंकू वाहिले. बाळासोंनी नारळ फोडला, तेव्हा सुमंतने मोडेमवर रुमाल धरला. मोडेम थोडा वेळ किंचाळला आणि मग बाळासो पडद्यावर उतरू लागले. आधी फेटा, मग कपाळ, मग चष्मा. मिशीपाशी यायला पाच मिनिटे लागली. बाळासो स्वतःसमोर हात जोडून उभे.

"हुबेहूब!" मागून कुणीतरी म्हणाले. फोटो होता तो.

धुळा एस.टी.तून उतरून थेट आला होता. सदऱ्याला लोकरीचे पुंजके चिकटलेले. तो सुमंतच्या कानाशी वाकला.

"दादा, चित्रं कुटं हायती?"

"हायत की. शेवटी. 'अन्य' लिहिलंय, तिथं दाबायचं."

त्याने दाबले. टपाल तिकिटाएवढी चार चित्रे आली. त्यात काळे ठिपके दिसत होते. मेंढरे आहेत की मुंग्या, ते कळत नव्हते.

"पंधरा हुती."

"आरं, जागा किती? बाळासोंचे तीन फोटो बसवायचे हुते. त्यांचा फोटो बारीक करून चालतंय व्हय? उद्या मला इचारतील."

"पान कवा बदललंसा?"

"तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. आवाज कमी कर गड्या, मनोगत चालू हाय."

चिंतामण सर माइकवर होते. त्यांनी खिशातून ई-मेलचा एक छापील कागद काढला. "आनंदाची बातमी! आजच सकाळी बंगलोरहून या पानाची दखल घेतली गेली आहे. ते लिहितात, तुमचे पान आम्ही काल पाहिले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. सरांनी कागदाची घडी घातली, पण घालता घालता पुढच्या ओळींवरून त्यांची नजर गेली, हे मी पाहिले. त्यांनी तो खिशात परत ठेवला नाही, टेबलावर ठेवला.

धुळाने तो उचलला. मी त्याच्या खांद्यावरून वाचला. चित्रे म्हणावीत असे पानावर काही सापडले नाही, निवड पूर्ण झाली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तीन ओळी होत्या.

"सर, त्यांना आत्ता चित्रं पाठवली तर?" धुळाने विचारले. त्याचा आवाज हळू होता.

"पुढच्या वर्षी बघू रे," चिंतामण सर माइकवर हात ठेवून म्हणाले. "पाहिलं तर आहे ना त्यांनी? आपल्या कॉलेजचं नाव गेलं बंगलोरला." मग हात काढून मोठ्याने, "आता ज्याच्यामुळे हा योग आला, तो आपला विद्यार्थी धुळा, मान्यवरांचे आभार मानेल!"

बाळासो आभार स्वीकारण्यासाठी खुर्चीत सावरून बसले. "बोल रं, लाजू नगंस," ते म्हणाले. सगळे हसले, पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. धुळा माइकपर्यंत गेला, माइकच्या बाजूने पुढे गेला, दारातल्या ढिगातून त्याने आपल्या चपला शोधून पायात घातल्या आणि तो जिना उतरून गेला.