जठराच्या पुढं काय?

मी अमिता काळमेघ. एकतीस वर्षं सहावी ते आठवीच्या पोरांना गणित शिकवलं, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले, आणि तेव्हापासून जबलपूरच्या गढा भागातल्या आमच्या गल्लीत कोणाचं काही चुकलं की मला राहवत नाही. घरचे म्हणतात, तोंड आवरा. मी म्हणते, पगार बंद झाला, तोंड नाही.

बेबी निंभोरकर आमच्याच गल्लीत राहते, ई-रिक्षा चालवते. माहेर वरुडकडचं, सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन जबलपूरला आली. नवरा गेल्यावर दिराच्या दारात बसून खाण्यापेक्षा रिक्षा बरी म्हणून तिनं हँडल धरलं. रोज सकाळी सहा पोरं शाळेत नेऊन सोडते, सगळी सहावी ते आठवीतली. मागच्या सप्टेंबरपर्यंत मी तिला नुसती रिक्षावाली समजत होते. माझीच अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

त्या दिवशी मला रक्त तपासायला उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं होतं. उपाशी असले की माझं डोकं आधीच तापलेलं असतं. बेबी म्हणाली, "दीदी, बसा पोट्ट्यांच्या संगं, शाळेच्या पुढंच तं लॅब आहे." बसले. पोरांची तिमाही परीक्षा चालू होती, प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक. आणि बेबी रस्त्यावरची नजर न हलवता एकेकाला बोलतं करत होती. "दुर्वा, चल तेरा पाठ बोल." सातवीतली दुर्वा म्हणू लागली, अन्न तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात. मग प्रतीकची पाळी. त्यानं उणे गुणिले उणे बरोबर उणे सांगितलं. बेबी मागं न पाहता म्हणाली, "प्लस, बेटा. कल भी यही गलती की थी."

मी तिच्या पाठीकडे पाहतच राहिले. इतक्यात शाळेचं फाटक आलं आणि सगळी पोरं उड्या मारून पळाली.

"दीदी, एक विचारू? रागावसान नाही न?" बेबी म्हणाली.

"विचार."

"जठरापर्यंत अन्न आलं. मंग पुढं काय होते?"

मला प्रश्नच कळला नाही. तिनं समजावलं. घरापासून शाळा वीस मिनिटांवर. दर वर्षी सातवीचं कोणतं ना कोणतं पोट्टं तिच्या रिक्षात हाच धडा वाचतं, आणि जठर आलं की फाटक येतं. परतताना कोणी पुस्तक उघडत नाही, नुसती मारामारी. "तीन वर्षं झाले दीदी, माह्यं अन्न तिथंच अडकून आहे."

मी हसले. मग हसू थांबलं. एकतीस वर्षांत 'हे परीक्षेत येईल का' असं मला हजारदा विचारलं गेलं होतं. 'पुढं काय होते' असं एकाही पोरानं विचारलं नव्हतं. मी लॅब सोडली आणि रस्त्याच्या कडेला रिक्षात बसूनच तिला लहान आतडं सांगितलं, साडेसात मीटर लांब.

"पाचवारी साडीहून लांब?"

"लांब."

"अन् ते माह्या पोटात आहे?" तिनं पोटावर हात ठेवला आणि एवढी खूश झाली की मागच्या ऑटोवाल्याचा हॉर्न तिला ऐकूच आला नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेनं नोटीस लावली. येत्या एप्रिलपासून ज्या ड्रायव्हरपाशी आठवी पासची मार्कशीट नाही, त्याची गाडी शाळेच्या यादीत राहणार नाही. बेबी नोटिशीचा फोटो घेऊन माझ्या ओसरीवर आली. सहा पोरं म्हणजे तिचं घर चालतं, हे मला माहीत होतं. पण ती म्हणाली, "दीदी, रिक्षाचं मी काही तरी पाहून घेईन, सवाऱ्या बसवीन. पण हे पोट्टे गेले तं मले पुस्तक कोण वाचून दाखवीन?"

झालं. आठवीचा प्रायव्हेट फॉर्म भरला. परीक्षा डिसेंबरच्या शेवटी, हातात तीन महिने. मी म्हटलं, तीन महिन्यांत तीन वर्षांचा अभ्यास होत नसतो. ती म्हणाली, अर्धा तं झालेलाच आहे. आणि खरंच होता. प्रत्येक विषयाचा, प्रत्येक धड्याचा पहिला अर्धा भाग तिला तोंडपाठ होता. वीस मिनिटांच्या पुढचं जग तेवढं बाकी होतं.

काय दिवस होते ते. दुपारी दोनला ती यायची, हातपाय धुवायची आणि म्हणायची, "चला, आज काय निघते?" हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं, कागद लाल झाला. बेबी उठून उभी राहिली. "हे तं मी जन्मभर पाहून राहिली. कपड्यावर हळदीचा डाग, साबण लावला का लाल. मले वाटे साबणच खराब, दुकानदाराशी भांडून आली होती मी." भूगोलात खडक निघाले. चुनखडीवर उष्णता आणि दाब पडून संगमरवर होतो म्हटल्यावर तिनं पुस्तक आपल्याकडे ओढलं. वीस वेळा भेडाघाटला सवाऱ्या घेऊन गेली होती, तिथले ते संगमरवराचे पांढरे कडे आधी दुसरंच काही होते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि इतिहासाच्या पुस्तकात गढ्याचं नाव छापलेलं, सत्तर हजार गावांचं राज्य. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "हाच गढा? जिथं माही रिक्षा चार्जिंगले लागते?" दुसऱ्या दिवशी सहाही पोरांना तिनं ते पान दाखवलं, आणि प्रतीक म्हणे घरी जाऊन बापाला सांगत सुटला की आपण राजधानीत राहतो.

एक गोष्ट तर मीच तिच्याकडून शिकले. उणे गुणिले उणे अधिक का, हे मी जन्मभर 'नियम आहे, पाठ करा' म्हणून शिकवलं. बेबीनं थोडा विचार केला. "दीदी, रिक्षा उलट्या तोंडानं उभी केली अन् रिव्हर्स टाकली, तं जाईन कुठं? पुढंच न." मी खडू खाली ठेवला. एकतीस वर्षं झक मारली मी, असं वाटलं, आणि तरी इतका आनंद झाला की चहात दोनदा साखर टाकली.

पण परीक्षा तोंडानं होत नसते. तिचं सगळं कानातून आत गेलेलं. बोलायला बसली तर धबधबा, लिहायला बसली की पाच मिनिटांत एक ओळ. आणि गणितात पायऱ्या लिहायचीच नाही, एकदम उत्तर. "उत्तर येऊन राहिलं तं पायऱ्या कायले?" मी म्हटलं, पायरीला मार्क असतात. ती म्हणाली, मंग मार्क देणाऱ्याले येत नसन. एक दिवस माझा तोल गेला. "भैताड आहेस, आठवी काय होणार तुझ्यानं," असं बोलून बसले. ती वही मिटून निघून गेली, चार दिवस आली नाही.

पाचव्या दिवशी मीच गेले. ती चार्जिंगच्या जागी मागच्या सीटवर बसून लिहीत होती, आणि शेजारी दुर्वा मोबाइलवर वेळ लावून बसली होती. "दीदी, आता तीन मिनिटांत एक ओळ," बेबी म्हणाली. मला माफी मागता येत नाही, कधी शिकलेच नाही. मी म्हटलं, "दोनवर आण," आणि तिच्या बाजूला बसले.

डिसेंबरमध्ये पेपर झाले. हिंदी, सामाजिक, विज्ञान, इंग्रजी, चारही दिवस ती हसत बाहेर आली. गणिताच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभी होते. ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरला होता. पायऱ्या लिहिता लिहिता वेळ संपला, शेवटचे चार प्रश्न राहिले. मी मनातल्या मनात मार्क मोजले. तीसच्या आसपास. पास व्हायला तेहतीस लागतात. तो आकडा माझ्याच पोटात ठेवला, आणि त्या दिवसापासून निकालापर्यंत माझा जीव टांगणीला. देवाला मी काही मागत नसते, पण जानेवारीत रोज त्याच्यापुढं उभी राहिले. म्हटलं, चार विषय तिचे तिनं केले, हा एक माझा आहे, एवढ्यासाठी तिची पोरं जाऊ देऊ नको.

फेब्रुवारीत एका दुपारी गल्लीत हॉर्नचा असा गोंगाट उठला की मी शिव्या द्यायलाच बाहेर आले. रिक्षात सहा पोरं शाळेच्या ड्रेसमध्ये, सगळी एकदम बोलत होती. बेबी उतरली, मोबाइल माझ्यापुढं धरला.

"दीदी, पास. विज्ञानात एकाहत्तर. अन् गणितात तेहतीस."

"तेहतीसच?" माझ्या तोंडून निघून गेलं. जन्माची खोड.

"हो न दीदी," ती म्हणाली, "पुरे तेहतीस." आणि रडायला लागली. मग दुर्वा रडायला लागली. मग काय सांगू, ओसरीवर उभ्या उभ्या मीही रडले. यादीत तिचं नाव राहणार होतं. पोरं तिचीच राहणार होती.

मी चपला घातल्या आणि तिच्याच रिक्षात बसून कांचघर भागात पेढे आणायला गेले. दुकान स्वप्निलचं. माझाच विद्यार्थी, आता दोन पोरांचा बाप. एक किलो मागितल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, काय विशेष?"

"माझी विद्यार्थिनी आठवी पास झाली. गणितात तेहतीस मिळाले."

तो वजनकाट्यावरून मान वर करून पाहू लागला. "तेहतीसचे पेढे? अच्छा." मग हसला, पण नीट हसला नाही. "सातवीत मलाही तेहतीस होते, मॅडम. मी घरापर्यंत धावत गेलो होतो. मागून तुमची चिठ्ठी आली, मुलगा लक्ष देत नाही म्हणून. बाबा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

मला ती चिठ्ठी आठवेना. अशा मी किती लिहिल्या असतील, देव जाणे. तो पास झाला म्हणून धावला होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. बाहेर रिक्षात सहा पोरं आणि बेबी एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती.

मी डबा उघडला, पहिला पेढा उचलला आणि स्वप्निलपुढं धरला.

"तुझा राहिला होता," मी म्हटलं. "घे."

त्यानं हात ॲप्रनला पुसले आणि दोन्ही हातांनी घेतला.